सुंदरबाईची डब्या-करवंट्यांची वाजंत्री

सुंदरबाई बैसाणे कळमझिऱ्याच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागली, तेव्हा तिथे पोरं येत होती, पण बसत नव्हती. पार्वताबाईने चुलीवरून उसळीचं पातेलं उतरवलं, की कुणाची आजी, कुणाची थोरली बहीण दारात वाटी घेऊन उभी राही. उसळ घेतली, पोराला काखेत मारलं, की चालली घरी. पार्वताबाई मदतनीस होती, पाटलांच्या भावकीतली विधवा. तिच्या हातचं म्हणून गाव ती उसळ खात होतं. सुंदरबाई बौद्धवाड्यातली सून. आपलं लेकरू तिच्यापुढे दुपारपर्यंत बसवून ठेवावं, असं कुणाला वाटत नव्हतं. तोंडावर कुणी काही बोलत नसे. "पोर रडस व बाई, तुले उगाच ताप," एवढंच म्हणून बाया निघून जात.

गाव अमळनेरहून एसटीने तासाभरावर. सुंदरबाईचा नवरा झुलाल वरणगावच्या कारखान्यात कामाला होता, पंधरवड्याने घरी येई. सासू लग्नाआधीच गेलेली. घरात सासरा आधार, ज्याला ती आबा म्हणायची, आणि अडीच वर्षांची मुलगी संघमित्रा. सगळे तिला मित्रा म्हणत. मित्राला ती अंगणवाडीत बरोबरच नेई. कधीकधी पूर्ण खोलीत मित्रा, बौद्धवाड्यातली चार-पाच पोरं आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एवढेच उरत.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात धुळ्याला सेविकांचं प्रशिक्षण झालं. त्यात एका दुपारी शिकवणाऱ्या बाईंनी पोतंभर भंगार सतरंजीवर ओतलं. रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या, सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले, सायकलची फाटकी ट्यूब. "सरकारची खेळणी येतील तेव्हा येतील," त्या म्हणाल्या, "तोवर लहान पोराला आवाज द्या. जे पोर बोलत नाही तेही वाजवतं." मग त्यांनी सगळ्या सेविकांना कामाला लावलं. साक्रीकडच्या एका सेविकेने पपईच्या देठाची पुंगी करून अशी काही फुंकली, की सगळ्या बाया लहान पोरींसारख्या हसल्या. सुंदरबाई परतीच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या पिशवीत करवंट्या होत्या.

गावात आल्यावर तिने पोरांनाच सांगितलं, घरातलं टाकाऊ घेऊन या. पोरं काय काय घेऊन आली! पावडरीचे डबे, दांडी तुटलेली पळी, वनस्पती तुपाचा चेपलेला डबा, एकाने तर आजीची चालू तपेली उचलून आणली. त्याची आजी मागोमाग बोंबलत आली. पोरं ओंजळीत चिंचोके घेत आणि डब्यात टाकत. निम्मे बाहेर सांडत. ते पुन्हा वेचायचे, पुन्हा टाकायचे. बारकी पोरं चिंचोका तोंडात घालतात म्हणून झाकण लावून सुंदरबाई वरून जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधून टाकी. बिल्ले दगडाने ठोकून चपटे करायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं होतं. खिळ्याने भोकं पाडून ते तारेत ओवले, की झांज तयार. तुपाच्या डब्याच्या तोंडावर ट्यूबचं रबर ताणून सुतळीने आवळलं, की ढोल. वाजवायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या, टोकाला चिंध्या गुंडाळलेल्या, कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून.

पोरं बसायला लागली. आजी वाटी घेऊन दारात आली, तरी पोर उठेना. देवचंद पाटलांचा नातू भटू तीन वर्षांचा झाला होता, पण शब्द बोलत नव्हता. त्याने चिंचोक्यांचा डबा एकदा कानाशी हलवला आणि दचकून सुंदरबाईकडे पाहिलं. मग दिवसभर तो डबा त्याने सोडला नाही. घरी नेऊ दिला नाही तेव्हा अंग टाकून रडला. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तोच आला, आईच्या पुढे पळत.

एका रविवारी सुंदरबाईने एक ढोल दुरुस्त करायला घरी आणला. अंगणात बसून तिने रबर ताणलं, गाठ मारली आणि मित्रापुढे ठेवला. मित्राने दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी दोर खाली ठेवला, पायात वहाणा घातल्या आणि निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. संध्याकाळी आले तेव्हा म्हणाले, "ते घरमा नको वाजाडू."

"पोरीले आवडस, आबा."

"घरमा नको म्हन्तं मी."

तिला थोडं माहीत होतं. आबा तरुणपणी गावाचं डफडं वाजवत. लग्नात, पोळ्याला, गावदेवीच्या जत्रेत. मजुरी नव्हे, ते गावकीचं काम होतं. ज्याच्या दारात वाजवलं, त्याच्या दारातली भाकरी घ्यायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आबांनी डफडं चावडीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि पुन्हा हातात धरलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावाने त्यांच्या लोकांना दळण बंद केलं, दुकान बंद केलं. माणसं पीठ आणायला अमळनेरला पायी जात. तिच्या लग्नातही दारात वाजंत्री नव्हती. बाकी सगळं तिला नवऱ्याने सांगितलं होतं. आबा स्वतः कधी बोलले नव्हते. पण डबा म्हणजे डबा, डफडं नव्हे, असं तिला वाटलं. तिने ढोल अंगणवाडीत परत नेला आणि विषय सोडून दिला.

पोळा आठवड्यावर आला असताना देवचंद नाना स्वतः अंगणवाडीत आले. गावात त्यांचा शब्द चाले. ही खोलीसुद्धा त्यांच्याच खटपटीने मिळाली होती. दारात उभं राहून त्यांनी पोरांचा गोंधळ ऐकला. भटू डबा हलवत त्यांच्या पायापर्यंत आला तेव्हा नाना खुशीत हसले.

"सुंदरबाई, पोळाले ही वाजंत्री मन्ह्या दारमा लई ये. बैल येतीन, पाव्हना येतीन. पोरं वाजाडतीन. गाव तं दखू दे तू काय शिकाडस ते."

"बठ्ठा पोरं आनू का, नाना? गावना बी, वाडाना बी?"

"आन ना."

तिला आनंद झाला, हे खरं. वर्षभर ती ज्या गावाच्या दारांवरून पोरं मागत फिरली, ते गाव तिचं काम बघणार होतं. आबांना सांगावं का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बाजूला सारला. झुलाल तेव्हा वरणगावला होता. विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

पोळ्याच्या दुपारी तिने पोरांना अंगणवाडीत बोलावलं होतं. बौद्धवाड्यातली सहा पोरं आली, तेल लावून, भांग पाडून. मित्राच्या अंगात भीमजयंतीचा निळा फ्रॉक होता. बाकी कुणी येईना. सुंदरबाईने वाट पाहिली. मग पार्वताबाई आली, हात पुसत, मान खाली घालून.

"ती नई येवावत व सुंदर. मी घरोघर जाई उनू. बाया म्हन्तीस, वाजाडाले आपला पोरं कसाले धाडाना?"

"भटू?"

"त्याले घरमाच कोंडेल शे. रडी र्‍हायना."

तेवढ्यात नानांचा गडी बोलवायला आला. बैल निघाले म्हणाला. सुंदरबाईला जाऊ नये असं वाटलं. पण पोरं वाद्यं घेऊन रांगेत उभी राहिली होती आणि नाही कसं म्हणायचं, हे तिला सुचलं नाही. जाऊ, वाजवू, येऊ, असं मनाशी म्हणत ती निघाली.

नानांच्या दारात माणसं दाटली होती. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झुली. पोरं भांबावून तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली. नाना ओट्यावरून म्हणाले, "तठे उभं कर त्यासले, गोठाना भितजोडे." तिने पोरांना गोठ्याच्या भिंतीशी नेलं. खाटेवर एक म्हातारा बसला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि त्यात वाईट हेतू नव्हता, जुनं काही आठवल्यासारखा म्हणाला, "आधारनी जागा बी तीच व्हती."

सुंदरबाईने सासऱ्याचं नाव ऐकलं. पण पोरांनी तोवर सुरू केलं होतं. करवंट्या, डबे, बिल्ले, ज्याला जसं जमेल तसं. पाहुणे हसले, कौतुकानेच हसले. कुणीतरी ओरडलं, "वाजाड रे, जोरथून!" पोरांना आणखी चेव आला. मित्रा ढोल पोटाशी धरून घामाघूम होऊन बडवत होती.

बैलांना पुरणपोळीचा घास दिला गेला. मग नानांची सून लिलाबाई, भटूची आई, सुपात खापरावर भाजलेल्या पोळ्या घेऊन आली. ती पोरांपुढे थांबली आणि हात उंच धरून वरूनच एकेक पोळी खाली सोडू लागली. पोरांच्या हातांना हात लागू नये इतक्या वरून. मोठ्या पोरांनी ओंजळी केल्या. मित्राला ओंजळ करता येत नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं, ढोल उलटा केला, डब्याची बूड नसलेली उघडी बाजू वर धरली आणि आईकडे बघून हसली. पोळी डब्यात पडली.

सुंदरबाई पुढे झाली. तिने डब्यातली पोळी काढली. बाकीच्या पोरांच्या हातातल्या पोळ्या एकेक करून घेतल्या. एकाने आधीच घास घेतला होता. त्याची अर्धी पोळीसुद्धा घेतली. सगळ्या नेऊन तिने नानांच्या ओट्याच्या कडेला ठेवल्या. मग ती वळली.

"नाना, पोरं वाजाडाले उनात. भीक मांगाले नई उनात."

नानांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "सणना दिन शे," ते म्हणाले. "आम्ही मायाथून दी र्‍हायनूत."

"मायाथून देतात, तं हातमा देतात."

तिने मित्राला कडेवर घेतलं आणि पोरांना घेऊन निघाली. अर्धी पोळी काढून घेतलेलं पोर रडत होतं. एक पोर मात्र काही न कळून बौद्धवाड्यापर्यंत डबा खुळखुळवत आलं आणि त्याला कुणी थांबवलं नाही.

आबांना तोवर कळलं होतं. ते मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसले होते. सुंदरबाई त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली. शिव्या देतील तर बरं होईल, असं तिला वाटत होतं. आबांनी विचारलं, "कोठे उभं करं?"

"गोठाना भितजोडे."

आबांनी मान हलवली. "मन्हा बाप बी तठेच उभा र्‍हाये. पानी पडे तरी हटाले नई मिळे." मग ते म्हणाले, "तुले वाटत व्हई, म्हतारा डफडावर रागे शे. तसं नई, पोरी. माले वाजाडानं आवडे. सात गावमा मन्ह्यासारखा हात नव्हता कोनाच. तेच तं दुखस. चांगली गोष्ट व्हती, पन त्यासना दारमा व्हती."

"मी बंद करी टाकस, आबा."

"मी बंद कर म्हनी सांगं का?" ते एकदम चिडले. मग उठून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं अंगणवाडीत आली नाहीत. बाया वाटी घेऊनही येईनात. पार्वताबाई तेवढी आली. भावकीने तिला बरंच सुनावलं होतं, पण तिचं घर या कामावर चालत होतं आणि तिला सुंदरबाई आवडतही होती. उसळ उरू लागली. काही दिवसांनी तपासणीला मुख्यसेविका गावात आल्या. आधी नानांकडे चहा घेऊन मग अंगणवाडीत आल्या. भल्या बाई होत्या, पण थकलेल्या. इतकी गावं सांभाळायची होती त्यांना.

"तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण पोरं नसली तर अंगणवाडी दुसरीकडे हलवतील. गावाशी जुळवून घ्या. ते वाजवणं थोडे दिवस बंद ठेवा."

सुंदरबाईने सगळी वाद्यं पोत्यात भरली आणि पोतं माळ्यावर टाकलं. बौद्धवाड्यातली पोरं रोज माळ्याकडे बोट दाखवत. ती गोष्ट सांगे, चित्रं दाखवी. पोरं ऐकत, पण पुन्हा बोट माळ्याकडे. त्या दिवसांत तिला स्वतःचाच संताप येई. पोरांना घेऊन गेली याचा, आणि पोळ्या परत ठेवताना त्या लेकराची अर्धी पोळी काढून घेतली याचाही. तो सण होता. लेकराला काय कळत होतं? तिने त्या पोराला घरी नेऊन गूळपोळी करून घातली. पोर खाऊन खेळायला पळालं. तिचं मन मात्र हलकं झालं नाही.

दिवाळी झाली आणि एका सकाळी लिलाबाई अंगणवाडीच्या दारात आली. पदर डोक्यावर, भटूचा हात धरलेला.

"घरमा ताटं बडवस हाऊ," ती म्हणाली. "जेवस नई. रोज इकडे पळी येवाले दखस. मामंजींना सांगून उनू मी. ते काहीच बोलले नईत." आत बघत तिने पुढे विचारलं, "बसाडशी का त्याले?"

सुंदरबाईने भटूकडे पाहिलं. तो दारातूनच माळा शोधत होता. त्याला लगेच आत घ्यावं असं तिला वाटलं, पण तिने आधी विचारलं, "लिलाबाई, त्या दिनले वरथून का बरं टाकं?"

लिलाबाई गोंधळली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "सासूबाई तशाच देत," ती शेवटी म्हणाली. "माले तसंच शिकाडेल व्हतं. मी इचार नई करा."

"आते करशील?"

लिलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लाजेचं की रागाचं, हे सुंदरबाईला कधीच कळलं नाही. भटू मात्र हात सोडवून आत गेला होता आणि मित्राशेजारी मांडी घालून बसला होता. सुंदरबाईने स्टूल घेतलं आणि पोतं खाली काढलं.

भटू आला म्हणून हळूहळू दुसरी पोरं आली. सगळी नाही. दोन-तीन घरांनी आपली पोरं कधीच पाठवली नाहीत. सुंदरबाईने एक नियम केला: वाद्यं खोलीबाहेर जाणार नाहीत, आणि वाजवताना सगळी पोरं गोल बसतील, भिंतीशी कुणीही उभं राहणार नाही. नाना पुन्हा आले नाहीत. रस्त्यात भेटले तर दुसरीकडे बघत. पुढे कधीतरी नुसती मान हलवू लागले, तेवढंच. भटू उशिरा का होईना बोलू लागला. त्याचा पहिला शब्द 'दे' होता. तो त्याने मित्राच्या ढोलाकडे बघून म्हटला आणि मित्राने ढोल दिला नाही.

जानेवारीत अमळनेरला तालुक्यातल्या अंगणवाड्यांचा मेळावा ठरला. मुख्यसेविकांचा निरोप आला, तुमच्या पोरांची वाद्यं घेऊन या. तो नियम सुंदरबाईनेच केला होता, त्यामुळे ती दोन दिवस घुटमळली. मग तिने या वेळी आबांना विचारलं.

"कोना दारमा?" आबांनी विचारलं.

"कोनाच दारमा नई, आबा. शाळाना हॉल शे. लोके खाले बसतीन, पोरं वर, स्टेजवर."

"बठ्ठा पोरं?"

"जी येतीन ती बठ्ठी. पाटीलना नातू बी."

आबांनी खूप विचार केला. "मंग जा," ते म्हणाले. "पन ध्यान ठेव."

ती ध्यान ठेवून होती. स्टेजवर अकरा पोरं गोल बसली. एकाने चड्डी ओली केली, एक आईला बघून रडायला लागलं, भटूने डबा हलवला तो थांबवेना. कुणाचा कुणाला मेळ नव्हता. खाली बसलेल्या बाया पोट धरून हसत होत्या. सुंदरबाईचं लक्ष पोरांवर नव्हतं. ती लोकांच्या हातांकडे बघत होती. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ, सफारी घातलेले, उठून स्टेजजवळ आले आणि खिशातून नोट काढून त्यांनी कौतुकाने मित्राच्या ढोलावर ठेवायला हात पुढे केला. सुंदरबाई मधे आली.

"नको, साहेब."

"अहो, बक्षीस आहे. खाऊला."

"नको. टाळ्या वाजवा तुम्ही."

त्यांना काही समजलं नाही. ते जरा अपमानित झाले असावेत. नोट परत खिशात गेली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन-चारच, मग जागेवर जाऊन बसले. मुख्यसेविकांनी नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं की ते मोठे देणगीदार होते. सुंदरबाई म्हणाली, "असतील." खरं तर तिला रडू येत होतं. एका चांगल्या माणसाचं मन दुखावलं आणि तरीही दुसरं काही करता आलं नसतं, हे तिला गाडीत बसल्यावरही सोसवत नव्हतं. लिलाबाई तिच्या शेजारच्या बाकावर बसली होती. दोघींच्या मांडीवर दोघींची पोरं झोपलेली. वाटेत लिलाबाईने आपल्या पिशवीतली केळी काढली आणि एक सुंदरबाईच्या हातात दिलं. हातात.

घरी आल्यावर तिने आबांना सगळं सांगितलं, नोटेचंही. आबा म्हणाले, "चांगलं करं." मग जणू दुसऱ्याच कुणाची चौकशी करावी तसं विचारलं, "पन पोरेसनी वाजाडं कसं?"

"कोनाच मेळ कोनाले नई, आबा."

"सुरुवातले तसंच र्‍हास," ते म्हणाले आणि बकरी बांधायला गेले.

त्यानंतर ती रोज काय वाजवलं ते त्यांना सांगू लागली आणि ते ऐकून घेत. ब्याण्णवच्या हिवाळ्यात आबा वारले. तोवर त्यांनी अंगणवाडीत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. सुंदरबाईने त्यांना कधी बोलावलंही नाही; घरी बसून ऐकणंच त्यांना झेपतं, हे तिला कळत होतं.